कोलाडला राफ्टिंग: चौदातल्या आठ जणांना पोहता येत नाही, काय काय तपासून घ्यावं?

पिंपळपान:
जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घरचे आणि मित्रपरिवार मिळून आम्ही १४ जण कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला जाणार आहोत. त्यातल्या आठ जणांना पोहता येत नाही. सर्वात लहान पुतण्या ११ वर्षांचा, सर्वात मोठे काका ६१ चे. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आयोजकाला फोन केला तर 'जॅकेट देतो, गाइड असतो, काही होत नाही' एवढंच उत्तर मिळालं. तेवढ्यावर १४ जणांना पाण्यात उतरवायचं मन होत नाही.

मला नेमकं हवंय ते असं: जॅकेट-हेल्मेट चांगलं आहे हे आपल्यासारख्याला कसं कळावं? राफ्टमधून पडलं तर पहिल्या काही सेकंदांत काय करायचं? आणि काका व पुतण्या यांना न्यावं की नाही? सविस्तर लिहिलंत तर बरं होईल. छापून सगळ्यांना वाचायला देणार आहे.

---

वल्हेकरी:
आधी नदी समजून घ्या, कारण कुंडलिका इतर नद्यांसारखी वागत नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज तयार झाल्यावर पुढे कुंडलिकेत सोडलं जातं. म्हणून इथे उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. सकाळी पाणी सोडलं की नदी भरते, त्या पाण्याबरोबर राफ्ट निघतात आणि काही तासांनी पातळी उतरते. साजे गावाजवळून सुरू होऊन साधारण १२ किलोमीटरचा टप्पा आहे. रॅपिड, म्हणजे दगडांवरून उसळत वेगाने वाहणाऱ्या पाण्याच्या जागा, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. एक ते सहाच्या मोजपट्टीवर हे मध्यम झालं, पण ते नेहमीच्या पाण्याला. जुलैत सोडलेल्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं. मग तोच रॅपिड त्याच श्रेणीचा राहीलच असं नाही.

आता जॅकेट. पोहता येणं न येणं यापेक्षा जॅकेट अंगाला घट्ट बसणं महत्त्वाचं, हे आधी आठही जणांना सांगा. म्हणजे त्यांची निम्मी भीती जाईल, आणि पोहणाऱ्या सहांचा फाजील विश्वासही. पाण्यात तरंगत राहायला मोठ्या माणसाला साधारण ४ ते ५ किलोचा आधार पुरतो. पण रॅपिडच्या पांढऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते पाणी माणसाला कमी उचलतं. त्यामुळे नदीसाठी ७० न्यूटनच्या खालचं जॅकेट नको, १०० च्या आसपास असेल तर उत्तम. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोची उचल. आकडा आतल्या लेबलवर असतो. लेबलच नसेल किंवा पुसलं असेल तर दुसरं मागा.

फोम दोन बोटांनी दाबून बघा. सोडल्यावर लगेच फुगला पाहिजे. दबलेलाच राहिला, किंवा आत कुरकुर वाजला, तर तो मेलेला फोम. जॅकेट वर्षानुवर्षं उन्हात वाळवून आणि त्यावर बसून बसून अशी होतात. बकल लावून जोरात ओढा, दात तुटलेलं बकल सुटतं. नुसत्या नाड्या बांधायची, गळ्यात अडकवायची नारिंगी जॅकेट नावेत ठीक. राफ्टिंगला ती घेऊ नका.

घालताना सगळे पट्टे आधी सैल करा. मग कमरेचा सर्वात खालचा पट्टा आवळा, त्यानंतर वरचे, शेवटी खांद्याचे. खालून वर जाण्याचं कारण असं की जॅकेट वर सरकू न देण्याचं काम कमरेचा पट्टा करतो. त्यानंतर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जॅकेट सरळ वर ओढायचं. हनुवटीपर्यंत आलं तर चालेल, कानापर्यंत किंवा नाकावर आलं तर सैल आहे. पाण्यात असंच वर सरकतं, माणूस खाली लोंबकळतो आणि जॅकेटच तोंडावर येतं. एकदा भिजल्यावर पट्टे ढिले पडतात, म्हणून पहिल्या संथ पाण्यात गाइडला थांबवून सगळ्यांनी परत आवळा. ही दुसरी आवळणी जवळजवळ सगळे विसरतात. पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचा. रेनकोट घालायचाच असेल तर जॅकेटच्या आत, आणि झुलीसारखा पोंचो अजिबात नको.

हेल्मेट नदीचं हवं, म्हणजे पाणी निथळायला भोकं असलेलं आणि कान-कानशिलं झाकणारं. सायकलचं चालत नाही, त्यातला थर्माकोलसारखा थर एकाच आपटण्यात संपतो आणि नदीत आपटणं एकदाच होईल असं नाही. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, हनुवटीचा पट्टा एक बोट जाईल इतका घट्ट. कपाळावरून मागे ढकलून बघा, कपाळ उघडं पडलं तर माप चुकलं. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस असतील तर हेल्मेट वर बसतं. वेणी खाली, मानेपाशी घाला.

राफ्टमध्ये बसायचं ते बाहेरच्या फुगीर नळीवर. आत खाली बसलात तर वल्हं पाण्याला पोहोचत नाही आणि राफ्ट गाइडच्या हाताबाहेर जाते. पाय आडव्या नळीखाली किंवा पायखोबणीत अडकवायचा, पण पडताना सुटेल इतकाच. घोट्यापर्यंत कोंबू नका. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, तिच्यावरचा हात कधीच सोडायचा नाही. राफ्टिंगमध्ये दात तुटतात ते बहुतेकदा दगडावर आपटून नाही, शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीने.

---

वल्हेकरी:
पडल्यावर काय, हे वेगळं लिहितो. छापायचं असेल तर हे आधी छापा.

पहिली गोष्ट, उभं राहायचं नाही. पाणी छातीएवढं दिसो की कमरेएवढं, वाहत्या पाण्यात पाय टेकायचे नाहीत. तळाच्या दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकतं, मागून पाणी ढकलतं, माणूस तोंडावर पडतो आणि परत उठता येत नाही. जॅकेट घातलेला, पट्टीचा पोहणारा, कमरेएवढ्या पाण्यात जीव गमावतो तो असा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ५ किलोमीटरच्या प्रवाहात पायांवर साधारण ८ किलोचा जोर येतो, १० किलोमीटरला ३० किलोचा, आणि तोही न थांबता. पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावरच उभं राहा. तोवर बसल्या बसल्या, ढुंगण टेकेपर्यंत तरंगत या.

मग करायचं काय? पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, गुडघे किंचित वाकलेले, पायाची बोटं पाण्याबाहेर स्वतःला दिसली पाहिजेत. बोटं दिसत असतील तर पाय तळाला नाहीत, सोपी खूण. दगड आला तर तळव्याने ढकला. हात बाजूला पसरून वल्हवत राहा. लाट चढताना तोंड बंद, दोन लाटांमधल्या खळग्यात श्वास. लाटेच्या माथ्यावर श्वास घेतला की पाणीच आत जातं.

पण सगळा वेळ पाठीवर पडून वाहत जायचं नाही, ही दुसरी चूक. राफ्ट किंवा काठ जवळ दिसला, गाइडने 'स्विम' म्हणून हात दाखवला, की पोटावर वळा आणि जीव तोडून हात मारा. प्रवाहाच्या विरुद्ध नाही, सरळ आडवंही नाही, साधारण ४५ अंशांत तिरकं. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटं फिरतं आणि संथ असतं, तिथे घुसायचा प्रयत्न करा. पोहता न येणाऱ्यालाही जॅकेट घालून एवढं जमतं. सुरुवातीच्या संथ पाण्यात गाइडला विचारून आठही जणांना दोन-दोन मिनिटं हे करायला लावा.

राफ्टखाली सापडलात तर दोन्ही हात डोक्यावर, तळवे राफ्टच्या तळाला लावा आणि एकाच दिशेने हाताने चालत बाहेर या. मध्येच दिशा बदलली की परत आत जाता.

पिशवीत भरलेला दोर फेकला तर *दोर* धरायचा, पिशवी नाही, कारण पिशवीतून अजून दोर सुटत असतो. दोर छातीशी दोन्ही हातांनी धरा, एका खांद्यावरून जाऊ द्या आणि पाठीवर व्हा. प्रवाहच तुम्हाला झोक्यासारखं काठाला आणतो. हाताला किंवा मनगटाला दोर गुंडाळायचा नाही, कधीच नाही. सोडायची वेळ आली तर सुटला पाहिजे.

राफ्टमधल्यांसाठी: पडलेल्याला ओढून घेताना हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. त्याचं तोंड आपल्याकडे करून जॅकेटचे खांद्याचे पट्टे दोन्ही हातांनी धरा, गुडघे नळीला टेकवा आणि स्वतः मागे पडा. ताकद हाताची नाही, तुमच्या वजनाची लागते.

---

खडकवाट:
वर लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द बरोबर. माझा भर मात्र राफ्टिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेवर आहे. गाइड, जॅकेट, शिट्टी असताना दोन तास सगळे जपून असतात. मग जॅकेट काढून, जेवण झाल्यावर, 'जरा नदीत पाय सोडून बसू' म्हणतात. कुंडलिकेत हे फार धोक्याचं, कारण वरून पाणी कधी सुटेल ते तुमच्या हातात नाही. आकाश निरभ्र असतानाही पातळी चढते. काठावर बसायचंच असेल तर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवा. १०-१५ मिनिटांत काटकी पाण्यात गेली तर उठा. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा आणि फांद्या वाहून येणं, आवाज जड होणं, या तिन्ही खुणा वर पाणी वाढल्याच्या.

आणि बंधारे. आपल्याकडे गावोगावी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. दोन-चार फुटांवरून पाणी पडतंय, पोरं खाली बसून अंगावर पाण्याचा मारा घेतायत, असं दृश्य सगळीकडे दिसतं. पाणी थोडं असताना ते निभावतं. पाणी वाढलं की काय होतं ते समजून घ्या. वरून पडणारं पाणी तळाशी जातं, थोडं पुढे उसळून वर येतं आणि पृष्ठभागावरून परत भिंतीकडे येतं. ओंडका, प्लास्टिकची बाटली तिथेच गरगरताना दिसते, बाहेर पडत नाही. माणसाचंही तेच होतं. त्यात पाणी फेसाळ, म्हणजे जॅकेटही पुरेसं उचलत नाही, आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती असल्याने कडेनेही निघायला वाट नाही. नैसर्गिक रॅपिडमधली पाण्याची अशी फिरकी बहुधा एका बाजूला उघडी असते. बंधाऱ्याची काठापासून काठापर्यंत सलग असते. वरच्या बाजूने येताना तो दिसतही नाही, पाणी नुसतं एका सरळ रेषेत संपल्यासारखं वाटतं. अशी रेषा दिसली की आधीच काठाला लागायचं. कोणी अडकलाच तर मागोमाग उडी टाकू नका. काठावरून दोर, बांबू, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका.

पाण्यात पडलेलं झाड हा तिसरा वैरी. फांद्यांमधून पाणी पार होतं, माणूस गाळणीतल्या चहापत्तीसारखा अडकतो. चुकवता येत नसेल तरच पाठीवरची स्थिती सोडा, डोकं पुढे करून झाडाकडे जोरात पोहा आणि खोडावर पोट टाकून चढा. पाय पुढे ठेवून गेलात तर खाली ओढले जाल. पावसाळ्यात काल नसलेलं झाड आज असू शकतं, म्हणून सुरुवात करण्याआधी गाइडला सरळ विचारा, 'आज सकाळी कोणी नदी बघून आलंय का?'

जुलै म्हणालात म्हणून आणखी एक. रायगड जिल्हा प्रशासन पावसाळ्यात नद्यांच्या पातळ्या रोज जाहीर करतं. कुंडलिकेची पातळी डोलवहाळ बंधाऱ्यापाशी मोजतात, तिथे इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५ मीटर आहे. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी ती बघा, सोबत हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर आयोजक 'चालतंय' म्हणाला तरी जाऊ नका. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. खरं तर तारीख ऑक्टोबरनंतरची घेतलीत तर पाणी फक्त सोडलेलं असतं, अंदाज पक्का असतो आणि नवख्यांना तेच योग्य.

---

पिंपळपान:
फार उपयोगी. तारखेचा विचार नक्की करतो. आयोजकाला नेमके कोणते प्रश्न विचारायचे? आणि काका, पुतण्याचं काय?

---

खडकवाट:
प्रश्न असे विचारा की उत्तर हो-नाहीत देता येऊ नये. एका राफ्टमध्ये गाइड सोडून किती माणसं बसवता? सहा ते आठ ठीक, दहा म्हणाला तर नको. किती राफ्ट एकत्र निघतात? एकटी राफ्ट कधीच नको, उलटली तर उचलायला दुसरी हवी. सोबत बचावासाठी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी होडी, असतो का? प्रत्येक राफ्टमध्ये दोराची पिशवी, शिट्टी, सुरी, जादा वल्हं आणि प्रथमोपचार पेटी आहे का? दोर १५ ते २० मीटरचा आणि तरंगणारा हवा. गाइडचं नदीतल्या बचावाचं प्रशिक्षण कुठे झालं? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, ती दाखवा म्हणा. चांगला आयोजक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

निघण्याआधीचं समजावणं किमान १५-२० मिनिटांचं असायला हवं, तेही काठावर, पाण्याच्या आवाजापासून दूर. गाडीतून उतरल्या उतरल्या पाच मिनिटांत उरकत असतील तर परत सांगायला लावा. तुमच्या गटात हिंदी-इंग्रजी कळत नसलेलं कोणी असेल तर फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, होल्ड, गेट डाउन हे पाच शब्द आदल्या रात्री पाठ करून घ्या. 'गेट डाउन'ला चटकन आत खाली बसायचं, एक हात बाहेरच्या दोरीवर, दुसरा मुठीवर.

विमाही बघून घ्या. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

---

निरामय:
वैद्यकीय बाजू मी लिहिते.

पुतण्याला नेऊ नका. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालच्यांना घेत नाहीत, आणि कोणी 'चालेल' म्हणाला तर तो आयोजक बदला. ११ वर्षांच्या मुलाचं वजन आणि छाती लहान, मोठ्यांचं जॅकेट कितीही आवळलं तरी डोक्यावरून निघतं. शिवाय तो वल्हं मारू शकत नाही, म्हणजे त्याला राफ्टवर टिकवून ठेवणारी गोष्टच त्याच्याकडे नाही. कोणीतरी मोठ्याने काठावर त्याच्यासोबत थांबावं, आणि तो पाण्याजवळ असेपर्यंत त्यालाही मापाचं जॅकेट असावं.

काकांचं बीपी गोळीने आटोक्यात असेल, दोन जिने न थांबता चढून छातीत जड वाटत नसेल, तर सहसा हरकत नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना 'राफ्टिंग' हा शब्द वापरून विचारा, 'सहल' म्हणू नका. सकाळची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची, उपाशी निघायचं नाही. हलकं खाऊन दीड तास जाऊ द्या. अलीकडे अँजिओप्लास्टी किंवा कोणतंही ऑपरेशन, फिट्स, गरोदरपण, वारंवार निखळणारा खांदा यांपैकी काही असेल तर नाही म्हणजे नाही. दमा असेल तर इनहेलर पाणबंद पिशवीत गाइडकडे, गाडीत नको. आदल्या रात्रीची दारूसुद्धा नको. सकाळी उतरलेली वाटते, पण तोल आणि निर्णय दोन्ही मंद असतात.

अंगठ्या, मंगळसूत्र, साखळ्या काढून ठेवा. दोरीत किंवा बकलमध्ये अडकलेली अंगठी बोटाची कातडी सोलून काढते. साडी, ओढणी, जीन्स नको. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला आणि नाड्यांची टोकं आत खोचा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे उलटं धरणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं. यातलं काहीही करू नका. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुफ्फुसात जाते आणि मोलाची मिनिटं वाया जातात. बुडण्यात प्राणवायू संपलेला असतो, म्हणून सुरुवात श्वासाने करायची. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं तर उताणा करा, हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मग दोन श्वास, परत ३० दाब. तोंडातून फेस आला तरी पुसत बसू नका, चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ लावायचा. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा.

पाणी नाकातोंडात गेलेला माणूस शुद्धीवर असेल, पण खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, गुंगी असेल, तर 'आता बरा आहे' म्हणून हॉटेलवर नेऊ नका. रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहू द्या. फुफ्फुसाची सूज हळूहळू वाढते.

पावसाळ्यासाठी खास सूचना लेप्टोची. कोकणात लेप्टोस्पायरोसिस आहे, पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत्र मिसळतं आणि जंतू जखमेतून शिरतात. पायाला ओरखडे असतील तर उतरू नका. परतल्यावर साबणाने स्वच्छ धुवा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की नदीच्या पाण्यात होतो. ते कळलं नाही तर साधा व्हायरल समजून दिवस जातात.

---

पिंपळपान:
तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारवर नेली. पुतण्या आणि त्याची आई काठावर थांबतील. शेवटचा प्रश्न: तिघांना जाड भिंगाचे चष्मे आहेत, काढून ठेवले तर समोरचं दिसत नाही.

---

वल्हेकरी:
चष्मा घालूनच बसवा, न दिसणारा माणूस गाइडची खूण चुकवतो. दोन्ही काड्यांना मागून घट्ट बसणारी पट्टी लावा. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. नाहीतर जाड इलॅस्टिकही चालेल, फक्त ते हेल्मेटच्या पट्ट्याच्या आतून जाऊ द्या. काचेची भिंगं असतील तर जुना प्लास्टिकच्या भिंगांचा चष्मा आणा. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, एका लाटेत निघून जातात. आणि त्या तिघांना एका राफ्टमध्ये एकत्र बसवू नका. प्रत्येक राफ्टमध्ये एकेक किंवा दोन, गाइडच्या जवळच्या जागेवर. पट्टी असूनही चष्मा गेला तर मागून आवाज ऐकून वल्हं मारता येतं.